सिस्टर कोणाला म्हणायचं, मावशी कोणाला

मी ३१ वर्षं सरकारी रुग्णालयात परिचारिका होते. आता कॉलनीत कोणाकडे म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं की मला निरोप येतो, "ताई, एखादी सिस्टर बघून द्या ना."

मी आधी विचारते, काम काय आहे? अंग पुसणं, भरवणं, डायपर बदलणं, दर दोन तासांनी कूस बदलणं असेल, तर तुम्हाला मावशी हव्यात. इंजेक्शन, सलाईन, नाकातली नळी, लघवीची पिशवी असेल, तर सिस्टर. सिस्टर म्हणजे दोन वर्षांचं एएनएम, तीन वर्षांचं जीएनएम किंवा चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग झालेली आणि नर्सिंग कौन्सिलकडे नोंद असलेली बाई. नोंदणीचा कागद बघायला मागा. खरी सिस्टर त्याचा राग मानत नाही.

हे मी इतकं धरून का बसते, तर आमच्या शेजारी घडलं म्हणून. घरी माणसं पुरवणाऱ्या ब्युरोतून पांढरा एप्रन घातलेली मुलगी आली, घरच्यांनी पहिल्या दिवसापासून तिला "सिस्टर, सिस्टर" केलं. चौथ्या दिवशी आजोबांचं इन्सुलिन तिच्याच हातात दिलं. बाटली १०० ताकदीची, म्हणजे एका मिलीलिटरमध्ये १०० युनिट; सिरिंज लाल टोपणाची, म्हणजे ४० ताकदीच्या बाटलीसाठीची. तिनं २० च्या खुणेपर्यंत, म्हणजे अर्धा मिलीलिटर भरलं आणि आजोबांच्या अंगात २० ऐवजी ५० युनिट गेली. घामाघूम झालेले आजोबा साखर-पाणी देऊन वाचले. त्या पोरीला मी दोष देत नाही. ती मावशीचं काम उत्तम करत होती. एकदा सिस्टर म्हटल्यावर "मला हे येत नाही" म्हणायची तिला सोय उरली नाही.

मावशी म्हणण्यात कमीपणा नाही. माय मरो पण मावशी जगो, असं म्हणणारी आपली भाषा आहे. वॉर्डात पाठीवरची जखम सगळ्यात आधी मावशींनाच कळायची. स्पंजिंग करता करता त्या हाक मारायच्या, "बाई, माकडहाडापाशी लाल झालंय, बोट दाबलं तरी लाली जात नाही." तीच शय्याव्रणाची, म्हणजे अंथरुणात पडून होणाऱ्या जखमेची, पहिली खूण. तिथेच भार काढला तर कातडी फाटत नाही. तेव्हा "ओ मावशी" म्हणा, "ए मावशी" नको. आणि आल्या दिवशी त्यांचं नाव विचारून घ्या. सुनंदामावशी, शोभामावशी असं नाव लावून हाक मारली की घरातली पोरंसुद्धा नीट बोलतात. "आमची कामवाली" असं त्यांच्यासमोर फोनवर सांगू नका. आया हा शब्द पोर्तुगिजांकडून आलेला, मुळात वाईट नाही, पण आता तो ऐकून बायकांचा चेहरा उतरतो, म्हणून मी टाळते.

पुरुष परिचारक असेल तर ब्रदर, स्ट्रेचर ओढणारे ते मामा. दारात येणाऱ्या आशाताई नर्स नव्हेत. २००५ पासून गावोगावी गरोदर बायका आणि लसीकरणाची माहिती त्या ठेवतात. त्यांना बीपीची गोळी बदलून मागू नका.

शुश्रूषा हा शब्द कागदावरच राहिलाय, पण त्याचा मूळ अर्थ 'ऐकण्याची इच्छा'. माणूस ठेवताना मी तेवढंच बघते. पेशंटशी पाच मिनिटं बोलायला बसवते आणि ती मध्येच तोडते का, ते बघते.

राहिलं घरचं माणूस. त्याला आपल्याकडे धड नावच नाही. काळजीवाहू म्हटलं की लोकांना सरकार आठवतं. आपण नुसतं क्रियापद वापरतो: "सासूबाईंचं सगळं तिनंच केलं." त्यामुळे दवाखान्यात घोळ होतो. डॉक्टर विचारतात, रात्री झोप लागते का, संडास कधी झाली? पुण्याहून आलेला मुलगा अंदाजानं उत्तरं देतो आणि जिला सगळं ठाऊक, ती सून पिशवी धरून दाराशी उभी. तिथे तुम्हीच पुढे होऊन म्हणा, "डॉक्टर, ह्यांचं सगळं ह्या करतात, त्यांना विचारा." आणि तिला खुर्ची द्या.