मुदतवाढीच्या बातमीवर निवांत बसणाऱ्या मास्तरांनो, या चुका टाळा

शाळेच्या ऑफिसात बसून मास्तर-बाईंचे फॉर्म भरून देण्यात माझी वर्षं गेली, आणि दर वेळी तेच. व्हॉट्सअ‍ॅपवर 'शिक्षकांना दिलासा, बिल येतंय' असा फॉरवर्ड फिरला की अर्धा स्टाफरूम फाईल बंद करून चहा मागवतो.

अहो, बिल म्हणजे कायदा नव्हे. 2017 चं आरटीई (शिक्षण हक्क कायदा) दुरुस्तीचं घ्या. विनाट्रेनिंग शिक्षकांची जुनी मुदत 31 मार्च 2015 लाच संपलेली, बिल लोकसभेत मांडलं एप्रिल 2017 मध्ये, राज्यसभेत पास झालं 1 ऑगस्टला, मग सही, मग राजपत्र. मधली दोन वर्षं लोक लटकलेलेच होते ना?

आणि माझी सगळ्यात लाडकी चूक: त्या दुरुस्तीने दिलेली 31 मार्च 2019 ही नवी तारीख ट्रेनिंग पुरं करायची होती, सुरू करायची नव्हे. डिचोलीकडच्या एका खाजगी प्रायमरीतल्या बाई मला म्हणाल्या, "भाऊ, 2019 पर्यंत आहे की, चवथ होऊंदे." चवथ, म्हणजे आमची गणेश चतुर्थी, त्या वर्षी 25 ऑगस्टला, आणि एनआयओएसच्या (राष्ट्रीय मुक्त शाळेच्या) डीएलएड या प्राथमिक शिक्षकांच्या ट्रेनिंग कोर्सची नोंदणी सप्टेंबरातच बंद होणार! माटोळी (गणपतीवर टांगलेली फळांची सजावट) उतरवून बाई आल्या तेव्हा हेडमास्तर रजेवर, युडायस कोड (शाळेचा सरकारी नंबर) कुणाला पाठ नाही, आणि बारावीला 47 टक्के, कोर्सला लागतात 50. फॉर्म गेला रात्री साडेअकराला, साईट चार वेळा हँग होऊन. पुढे डीएलएडचा अभ्यास करता करता बाईंनी चाळिशीत बारावीचे पेपर पुन्हा दिले. जूनमध्येच मार्कलिस्ट काढून बघितलं असतं तर निदान ती रात्र तरी वाचली असती.

आता टीईटीचं, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचं. सुप्रीम कोर्टाच्या 1 सप्टेंबर 2025 च्या निकालात पाच वर्षांपेक्षा जास्त नोकरी उरलेल्यांना दोन वर्षांत पास व्हायला सांगितलं. पाचाहून कमी उरलेले "आम्ही सुटलो" म्हणून खूश, पण प्रमोशन हवं तर टीईटी लागतेच, हे वाक्य कोणी वाचतच नाही. मायनॉरिटी शाळांचा मुद्दा मोठ्या बेंचकडे पाठवला होता, तर शेजारच्या चर्चच्या शाळेतल्या सरांचं ऐकून आपलं ठरवू नका.

सर्टिफिकेट सात वर्षांनी बाद होतं ही जुनी गोष्ट, 2021 मध्ये ते आयुष्यभरासाठी केलं, 2011 पासूनच्यांनाही धरून. तरी दरवर्षी कोणीतरी 'रिन्यूअल' विचारायला येतोच.

पहिली ते पाचवीला पेपर एक, सहावी ते आठवीला पेपर दोन. उलटा भरू नका.

नावाचं स्पेलिंग बघा. आपल्या गोव्यात एकच नाईक एका कागदावर के लावून, दुसऱ्यावर क्यू लावून, आणि लग्नानंतर तिसराच! मी तर आधार आणि मार्कलिस्ट शेजारी ठेवून एकेक अक्षर बोटाने मिळवतो, लोक हसतात. हसूदेत.

घाई असेल तर सायबर कॅफेवाल्याकडे जा, मी पेन्सिलने एकदा कच्चा फॉर्म भरल्याशिवाय कॉम्प्युटर चालूच करत नाही.