महाडीबीटीचा फॉर्म भरण्याआधी

बारावीचा निकाल लागला की आमच्या खिडकीवर ठरलेला प्रश्न येतो, "मॅडम, स्कॉलरशिपचा फॉर्म कधी सुटणार?" नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात मी शिष्यवृत्तीचं काम बघते. हा फॉर्म महाडीबीटी या राज्य सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर भरायचा असतो. तो सुटेल तेव्हा सुटेल, तुम्ही आधी दाखल्यांच्या मागे लागा.

पहिला उत्पन्नाचा. तो तहसीलदारांचा लागतो. अर्ज सेतूत किंवा आपले सरकार पोर्टलवर करायचा. शेती असेल तर सातबारा, आठ-अ आणि तलाठ्याचा अहवाल, नोकरी असेल तर फॉर्म सोळा. दाखल्याची मुदत 31 मार्चला संपते, त्यामुळे गेल्या वर्षीचा लॅमिनेट करून आणलात तरी चालत नाही. दिंडोरी-निफाडकडच्या मुलांनी एप्रिल-मेमध्येच काढून ठेवावा. जूनमध्ये सेतूत पाय ठेवायला जागा नसते.

मग योजना. अनुसूचित जाती-जमातीसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. अनुसूचित जातीच्या मुलाचं उत्पन्न त्यावर गेलं तरी फ्रीशिप, म्हणजे फीमाफी आहे, हे बऱ्याच पालकांना कुणी सांगतच नाही. खुल्या प्रवर्गासाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, मर्यादा 8 लाख. तिच्यात मुलांना निम्मी ट्यूशन फी मिळते. कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून, व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेलेल्या मुलींना मात्र 2024-25 पासून पूर्ण माफी आहे. कॅप सोडून मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतलात, तर यातलं काही मागू नका.

खरी गोची बँकेत होते. "खात्याला आधार लिंक आहे," असं सगळेच सांगतात. पण आधार चार खात्यांना जोडलेलं असलं तरी सरकारचे पैसे एकाच खात्यात पडतात, ज्याचं एनपीसीआयकडे (बँकांमधले व्यवहार जोडणारी संस्था) मॅपिंग, म्हणजे आधारशी जोडणी झालीय त्यात. सिमकार्ड घेताना दुकानदारानं पेमेंट बँकेचं खाते उघडून दिलेलं असतं आणि मॅपिंग गुपचूप तिकडे गेलेलं असतं. मुलगा मात्र पासबुकात रोज एन्ट्री मारून बघतो. आधारच्या वेबसाइटवर बँक सीडिंग स्टेटस, म्हणजे आधार कुठल्या बँकेशी जोडलंय ते बघा. बँकेचं नाव भलतंच दिसलं, तर आपल्या शाखेत डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) आधार सीडिंगचा फॉर्म द्या.

नावाचंही तसंच. आधारवर पवार 'डब्ल्यू'नं, दहावीच्या मार्कशीटवर 'व्ही'नं. असं असेल तर मार्कशीट धरून आधार दुरुस्त करा, उलटं करायला जाऊ नका. मोबाइल नंबर आईचा किंवा वडिलांचा, कायम चालू राहणारा द्या. ओटीपी त्यावरच येतो.

आता फॉर्म. सायबर कॅफेवाल्याकडून भरून घेतलात तरी युजरनेम-पासवर्ड स्वतःच्या वहीत लिहा. पुढच्या वर्षी रिन्यूअलला तेच लागतात आणि तोवर कॅफेवाल्याला तुम्ही आठवत नसता. बारावीनंतर वर्ष गेलं असेल तर गॅप सर्टिफिकेट जोडा. अर्ज आधी आमच्या कॉलेजच्या लॉगिनला येतो, तिथून पुढे. चूक सापडली की आम्ही 'सेंड बॅक' करतो. म्हणजे अर्ज नामंजूर झालेला नसतो, तो तुमच्याकडे परत आलेला असतो आणि मुदतीत दुरुस्त करून पुन्हा पाठवायचा असतो. म्हणून आठवड्यातून एकदा लॉगिन करा.

वसतिगृहात नंबर लागला नाही तर स्वाधार (अनुसूचित जाती) आणि स्वयम् (जमाती) या योजनांतून राहण्या-जेवणाला पैसे मिळतात. त्यांचे अर्ज वेगळे.

कर्ज माझ्या मते सगळ्यात शेवटी. विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज करता येतो. पीएम-विद्यालक्ष्मीत 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर 3 टक्के व्याजसवलत आहे, पण ठरावीक संस्थांपुरतीच. तुमचं कॉलेज यादीत आहे का, ते आधी बघा.

कॉलेजकडून अर्ज पुढे गेला आणि तिथंच अडकला, तर अनुसूचित जातीच्या मुलांनी नासर्डी पुलाजवळ सामाजिक न्याय भवनात, आदिवासी मुलांनी गडकरी चौकातल्या आदिवासी विकास भवनात चौकशी करावी. जाताना अर्जाच्या प्रिंटवरचा अॅप्लिकेशन आयडी न्या. नुसतं नाव सांगून तिथं कुणाला काही सापडत नाही.