जुन्या बुलेटचं ऑईल, चेनकेस, ब्रेक, बॅटरी: लांब निघण्याआधी काय कसं तपासावं

महिनाभर ताडपत्रीखाली उभी असलेली गाडी. पहाटे कोल्हापूरहून आंबा घाटाने रत्नागिरीला निघायचं होतं, म्हणून रात्री टॉर्च तोंडात धरून डिपस्टिक, म्हणजे ऑईल मोजायची पट्टी, काढली. टोकाला जेमतेम ओल. घाबरून पाऊण लिटर ऑईल ओतलं, लेव्हल वरच्या खुणेला आणली आणि निवांत झोपलो. पहाटे किक मारल्यावर निळ्या धुराने गल्ली भरली. मलकापूरला चहाला थांबलो तेव्हा ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या, नळीतून ऑईल गळत होतं आणि मागच्या टायरवर त्याचा ओघळ आला होता. तशा टायरने घाट उतरायचा नव्हता. टायर साबणाने धुतला, जास्तीचं ऑईल काढलं, मग पुढे निघालो.

ऑईल आधी कमी झालेलंच नव्हतं. जुन्या कास्ट आयर्न बुलेटमध्ये ते सिलिंडरच्या मागे, इंजिनच्याच ओतीव भागातल्या टाकीत असतं. एक पंप ते क्रँककडे, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याकडे, पाठवतो, दुसरा तळाशी जमलेलं परत टाकीत आणतो. गाडी बरेच दिवस उभी राहिली की ऑईल पंपाच्या फटीतून हळूहळू खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकभोवतीच्या खोक्यात, उतरतं. परत आणणारा पंप इंजिन फिरल्याशिवाय चालत नाही, त्यामुळे टाकी रिकामी दिसते आणि तळ भरलेला असतो. डिपस्टिक फक्त टाकीतलं सांगते.

पुढचं सगळं त्या जुन्या, गिअरबॉक्स वेगळा असलेल्या गाड्यांसाठी. 2009 मध्ये आलेल्या क्लासिकसारख्या युनिट इंजिनच्या, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात असलेल्या, गाड्यांचं गणित वेगळं. त्यांना उजवीकडे ऑईलची लेव्हल दाखवणारी गोल काच असते आणि इंजिन, क्लच, गिअर सगळ्यांना एकच ऑईल.

इंजिन ऑईल

गाडी सपाट जागी डबल स्टँडवर घ्या. साईड स्टँडवर ती डावीकडे कलते आणि लेव्हल खोटी दिसते. आधी गाडी चालू करा. तीन-चार किलोमीटरची चक्कर मारलीत तर उत्तम, नाहीतर पाचेक मिनिटं आयडलवर ठेवा. खाली उतरलेलं ऑईल तेवढ्यात टाकीत परत येतं. बंद करून दोन-तीन मिनिटं थांबा. तासभर थांबू नका, नाहीतर ते पुन्हा खाली उतरू लागेल. डिपस्टिक काढून स्वच्छ फडक्याने पुसा, परत घाला, काढा, बघा. टोपी पूर्ण आवळून बघायची की नुसती टेकवून, यावर दोन मिस्त्री कधी एकमत होत नाहीत. तुम्ही एक पद्धत धरा आणि दरवेळी तीच ठेवा.

ऑईल दोन खुणांच्या मध्ये हवं. कमी असेल तर एका वेळी शंभर मिलीच घाला, पुन्हा बघा. वरच्या खुणेच्या किंचित खाली थांबलेलं बरं. जास्त झालेलं ऑईल बुलेट पोटात ठेवत नाही, ब्रीदरमधून बाहेर टाकते.

गाडी दोन-चार महिने उभी असेल तर थेट किक मारू नका. इंजिनखाली स्वच्छ परात ठेवून क्रँककेसचा ड्रेन प्लग काढा, उतरलेलं ऑईल चांगलं असेल तर गाळून टाकीत घाला आणि मग चालू करा. प्लगचा वायसर चपटा झाला असेल तर नवा टाका. ॲल्युमिनियमचे आटे एकदा गेले की दुरुस्तीचा खर्च ऑईलच्या कितीतरी पट होतो, म्हणून पाना जपून वापरा.

ग्रेड, म्हणजे ऑईलचा दाटपणा, 20 डब्ल्यू 50. इथे क्लच वेगळ्या खणात असल्यामुळे इंजिनात कारचं 20 डब्ल्यू 50 घातलं तरी क्लच सरकत नाही. युनिट इंजिनच्या बुलेटमध्ये हा प्रयोग नको. तिथे डब्यावर 'जासो एमए' (ऑईलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणारं) लिहिलेलंच ऑईल लागतं.

रंगाकडेही बघा. काळं झालं म्हणजे वाईट झालं असं नाही, पण ताकासारखं पांढरट दिसलं तर पाणी शिरलंय. पावसाळ्यात रोज दोन किलोमीटर जाऊन परत येणाऱ्या गाडीत हे हमखास दिसतं, कारण इंजिन पुरतं तापतच नाही आणि आतली वाफ उडून जात नाही. बोटावर घेतलेल्या ऑईलमध्ये धातूची चकाकी दिसली तर प्रवास रद्द करा आणि इंजिन उघडणाऱ्या माणसाला दाखवा.

मी ऑईल 3000 किलोमीटरला बदलतो, फिल्टरसकट. बदलल्यावर गाडी आयडलवर ठेवून हेडवरच्या (इंजिनाच्या माथ्यावरच्या) रॉकर ऑईल पाइपचा बँजो बोल्ट, म्हणजे मधून ऑईल जाणारा पोकळ बोल्ट, अर्धा आटा सैल करतो. तिथून ऑईल पाझरलं की पंप उचलतोय याची खात्री झाली. लगेच परत आवळायचा. पाझरलं नाही तर इंजिन तत्काळ बंद.

चेनकेस आणि गिअरबॉक्स

डावीकडच्या मोठ्या, एकाच नटवर बसलेल्या कव्हरमध्ये प्रायमरी चेन, म्हणजे इंजिनाकडून क्लचकडे जाणारी साखळी, आणि क्लच. याचं ऑईल वेगळं, साधारण 420 मिली. वरची टोपी उघडून ओता आणि लेव्हलच्या स्क्रूमधून थेंब येऊ लागले की थांबा. घर्षण कमी करणारं 'खास' ऑईल इथे घालू नका, क्लच घसरतो. कव्हर मधल्या नटाने कितीही करकचून आवळलंत तरी रबर सील कडक झालं असेल तर गळणारच. उलट जास्त आवळल्याने कव्हर वाकतं. सील बदला.

गिअरबॉक्सचंही तसंच: लेव्हलच्या स्क्रूपर्यंत. त्यातून खाली डाग पडतात आणि मालक कौतुकाने सांगतो, "बुलेट आहे, गळणारच." डाग पडू देत, पण किती पडतो ते मोजा. रात्री खाली पुठ्ठा ठेवला की सकाळी कुठून आणि किती गळलं ते दिसतं.

ब्रेक

पुढे ड्रम असेल तर इथे फ्लुइड नाहीच. केबल बघा आणि पुढे चला. डिस्क असेल तर हँडल सरळ करून हँडलवरच्या ब्रेक फ्लुइडच्या डबीची काच बघा. लेव्हल खाली गेली म्हणून लगेच भरू नका, आधी पॅड बघा. पॅड झिजले की पिस्टन बाहेर येतो आणि डबीतलं फ्लुइड त्याच्यामागे जातं. जुन्या पॅडवर डबी काठोकाठ भरलीत तर नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलल्यावर ते बाहेर सांडतं आणि टाकीचा रंग सोलतं. सांडलंच तर पुसत बसू नका, भरपूर पाणी ओता. टोपीवर जो डॉट नंबर (फ्लुइडचा दर्जा) लिहिलाय तोच वापरा, तोही सीलबंद बाटलीतून, कारण ब्रेक फ्लुइड हवेतली ओल शोषतं. मग लांब घाटउतारावर ब्रेक तापला की त्या पाण्याची वाफ होते आणि लिव्हर मऊ पडते. चहासारखं तपकिरी झालं असेल किंवा दोन वर्षं उलटली असतील तर सगळं बदला.

फोर्क आणि बॅटरी

फोर्कमध्ये, म्हणजे पुढच्या चाकाच्या दोन शॉकॲब्सॉर्बर नळ्यांमध्ये, डोकावता येत नाही. पुढचा ब्रेक धरून हँडल दोन-तीनदा दाबा. नळीवर ऑईलची कडी उमटली तर सील गेलंय. गाडी नुसतीच उड्या मारत राहिली तर आतलं ऑईल कमी आहे किंवा पातळ झालंय. प्रत्येक नळीत सुमारे 200 मिली जातं आणि दोन्हीकडे अगदी सारखं लागतं. मापाचं भांडं नसेल तर हे काम गॅरेजलाच द्या.

पाण्याच्या बॅटरीत दोन रेघा असतात. पाणी खालच्या रेघेच्या वर पाहिजे. डिस्टिल वॉटरच घाला. नळाचं नाही, आणि ॲसिड तर नाहीच, कारण उडून जातं ते पाणी, ॲसिड आतच राहतं. वरच्या रेघेच्या पुढे भरलंत तर चार्जिंगला ते उतू जाऊन खालचा रंग आणि क्रोम खातं. बॅटरीची नळी मोकळी आहे ना, वाकलेली नाही ना, तेही बघा.

प्रवासात दररोज तपासायचं ते इंजिन ऑईल, आणि ते सकाळी हॉटेलच्या दारात नाही, तर पहिल्या पेट्रोल पंपावर, गाडी गरम झाल्यावर. सोबत अर्धा लिटर ऑईल, एक छोटं फनेल आणि फडकं. किती किलोमीटरला किती घातलं ते मी टूलबॉक्समधल्या वहीत लिहितो. आकडा अचानक वाढला तर इंजिनातले झिजणारे भाग, म्हणजे पिस्टनची रिंग किंवा व्हॉल्व्ह गाईड, बघायची वेळ आली. काढलेलं जुनं ऑईल गटारात जात नाही. पाच लिटरच्या कॅनमध्ये साठवून ते गॅरेजला देतो.