रतनगड ते हरिश्चंद्रगड: चार दिवसांच्या रेंज ट्रेकची आखणी

पाऊस ओसरला की पाठीवर बिऱ्हाड घेऊन सह्याद्रीत फिरायचा मोसम सुरू होतो. बहुतेक ग्रुप आखणीला बसतात तेव्हा आधी काय काय बघायचं याची यादी करतात, मग सुट्ट्या मोजतात. पाण्याचा विचार शेवटी होतो, कधी कधी तर निघाल्यावरच. ही उलटी पद्धत आहे. मुक्काम कुठे, पाठीवर वजन किती आणि सकाळी निघायचं किती वाजता, या तिन्हींची उत्तरं पाणी कुठे आहे यावरून निघतात. इथे उदाहरणाला घेतला आहे अकोले तालुक्यातला रतनगड–कात्राबाई खिंड–हरिश्चंद्रगड हा रेंज ट्रेक, म्हणजे डोंगररांगेतून एका गडावरून दुसऱ्या गडावर जाणारा अनेक दिवसांचा ट्रेक. रतनवाडीतून चढायचं आणि खिरेश्वरला उतरायचं. एकदिवसीय ट्रेक नियमित करणाऱ्यांना पहिला मोठा ट्रेक म्हणून हा योग्य आहे, कारण वाटेत गावं आहेत आणि अडचण आली तर मधूनच बाहेर पडता येतं.

तारीख

नैर्ऋत्य मोसमी पाऊस मुंबईतून सरासरी ८ ऑक्टोबरच्या सुमारास माघार घेतो, पण डोंगर त्या दिवशी चालण्याजोगे होत नाहीत. ऑक्टोबरभर दुपारचं ऊन अंग भाजतं, कातळावर शेवाळ असतं आणि गवत कमरेच्या वर गेलेलं असतं. वाट पायाखाली असूनही दिसत नाही. मधमाश्या आणि साप याही महिन्यात भेटतात. दुसऱ्या टोकाला, फेब्रुवारी संपता संपता ओढे आटतात आणि मार्चमध्ये वणव्यांची भीती सुरू होते.

या ट्रेकसाठी नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा ते जानेवारी अखेर हा काळ धरावा. त्यातही नोव्हेंबर–डिसेंबरमध्ये ओढ्यांना पाणी असतं, जानेवारीत कातळात खोदलेली टाकी आणि नदीतले डोह यांवरच भिस्त ठेवायची. पाऊस कमी झालेल्या वर्षी हे सगळं तीन-चार आठवडे अलीकडे सरकतं. म्हणून तारीख पक्की करण्याआधी वाटेवरच्या कुमशेत किंवा पाचनई गावात जिथे मुक्काम करणार तिथे फोन करून एकच प्रश्न विचारा: खिंडीच्या ओढ्याला पाणी आहे का? गुरं घेऊन रोज रानात जाणारा माणूस या प्रश्नाचं उत्तर अचूक देतो.

वार निवडताना गर्दीचाही विचार करा. शनिवारी रात्री रतनगडावरच्या गुहा भरलेल्या असतात आणि हरिश्चंद्रगडावर तर जत्राच असते. रविवारी सकाळी चढायला सुरुवात केली तर तुम्ही पोचेपर्यंत लोक उतरलेले असतात आणि मंगळवारी हरिश्चंद्रगड निवांत मिळतो. तीन दिवस रजा पडते, पण ती सार्थकी लागते.

दिवसांची मांडणी

डिसेंबरात सूर्य सातच्या आसपास उगवतो आणि सहाच्या आसपास मावळतो. दाट झाडीत आणि घळीत साडेपाचलाच अंधारून येतं. म्हणजे हातात असलेल्या अकरा तासांपैकी चालण्याचे सात धरायचे. जेवण, विश्रांती, पाणी भरणं आणि चुकलेली वाट शोधणं यांसाठी उरलेले चार.

वेळेच्या अंदाजासाठी नेस्मिथचा जुना नियम कामाला येतो: सपाटीवर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. पाठीवर बारा किलो असताना सह्याद्रीत त्याची दीडपट करा. ८ किलोमीटर अंतर आणि ६०० मीटर चढ असेल तर नियमाने दोन तास छत्तीस मिनिटं होतात. प्रत्यक्षात चार तास धरा.

पहिला दिवस: रतनवाडीतलं अमृतेश्वर मंदिर बघून नऊच्या आत चढायला लागा. गडावर पोचायला सामानासह तीन ते साडेतीन तास. शेवटच्या टप्प्यात लोखंडी शिड्या आहेत. सॅकच्या बाहेर लटकवलेली मॅट किंवा बाटली नेमकी इथेच कठड्यात अडकते आणि माणूस मागे खेचला जातो. शिडीखाली थांबून बाहेरचं सगळं आत कोंबा आणि एका शिडीवर एका वेळी एकच जण चढा. दुपार नेढं (कातळातलं आरपार भोक), त्र्यंबक दरवाजा आणि गडाचा फेरा यांना द्या. पाणी गडावरच्या टाक्यांत आहे. मुक्काम गुहेत.

दुसरा दिवस: हाच दिवस खरा कसोटीचा. गड उतरून जंगलातून कात्राबाई खिंड, मग पलीकडे कुमशेत, असे सामानासह सहा ते सात तास. सात वाजता पाय चालायला लागलेच पाहिजेत. खिंडीकडे जाणारी वाट शिड्यांच्या अलीकडेच फुटते. चढतानाच तो फाटा नीट बघून फोनमध्ये त्याची खूण करून ठेवा. पुढे दाट रान, ओलांडायचा ओढा आणि अग्निबाण सुळक्याच्या परिसरात गुरांच्या वाटांचं जाळं आहे. लोक इथेच चुकतात, कारण ढोरवाट बरेचदा खऱ्या वाटेपेक्षा जास्त मळलेली असते. ओळखायची खूण अशी: ढोरवाट चढ टाळत आडवी पसरत जाते, तिच्यावर ठिकठिकाणी शेण असतं, आणि ती गवताच्या पट्ट्यात जाऊन विरते. खिंडीची वाट जंगलातून एका दिशेने चढत राहते. दहा मिनिटं खूण दिसली नाही तर पुढे रेटू नका. शेवटच्या ओळखीच्या जागेपर्यंत परत या. खिंड चढण्याआधीच्या ओढ्यावर प्रत्येकाने तीन लिटर पाणी भरून घ्यायचं, कारण पुढे कुमशेतपर्यंत खात्रीचं पाणी धरू नये. या दिवसापुरता रतनवाडीतला वाटाड्या घ्या. पैसे, दिवस आणि जेवण कुणाचं, हे आदल्या दिवशीच ठरवा. त्याला परतही जायचं आहे, हे लक्षात ठेवून रक्कम ठरवा.

तिसरा दिवस: कुमशेतहून मुळा नदीच्या खोऱ्यात उतरून, पेठेच्या वाडीवरून पाचनई आणि मग हरिश्चंद्रगड. नदीपर्यंत उतार, मग पुन्हा चढ. पाचनईत दुपारचं जेवण आधी सांगून ठेवलं तर ओझं हलकं होतं. पाचनईहून गडावरच्या मंदिरापर्यंतची वाट सोपी आहे, सामानासह अडीच तास. सूर्यास्ताला कोकणकड्यावर पोचायचं असेल तर पाचनई दीड वाजता सुटलं पाहिजे. दोन वाजून गेले असतील तर कोकणकडा सकाळवर ढकला. अंधारात कड्याकडे जाणं नको. कड्याच्या काठावर गवत आणि सुटी माती आहे, काठापासून दोन-तीन हात मागेच पोटावर झोपून बघावं.

चौथा दिवस: सकाळी मंदिर, केदारेश्वराची गुहा, मग टेकड्या ओलांडत तोलार खिंड आणि खाली खिरेश्वर. चार ते पाच तास. खिंडीच्या वरच्या कातळटप्प्यावर रेलिंग आहे. उतरताना सॅकचं वजन पुढे ढकलतं म्हणून इथे तोंड कातळाकडे करून उतरा.

ओझं

सॅक शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जड नको. ६५ किलोच्या माणसाला १३ किलो, ५० किलोच्या व्यक्तीला १०. ही मर्यादा पाण्यासकट आहे. वजन असं जमतं: ५५ लिटरची सॅक १.८ किलो, स्लीपिंग बॅग १.२, मॅट ०.४, तंबूतला वाटा १.३, कपडे १.५, तीन दिवसांचा शिधा १.८, भांडी आणि स्टोव्हचा वाटा ०.६, औषधं-टॉर्च-पॉवर बँक वगैरे १, पाणी ३. बेरीज १२.६. यात कॅमेरा नाही, जास्तीचे बूट नाहीत, जीन्स तर नाहीच. गुहेत आणि गावातल्या घरात राहणार असाल तर तंबू वगळा. कुमशेत, पाचनईत जेवणार असाल तर शिधा किलोभरावर येतो. दोन किलोंची ही बचत दुसऱ्या दिवशीच्या चढावर कळते.

भरताना स्लीपिंग बॅग तळाला, शिधा आणि पाणी पाठीला चिकटून खांद्यांच्या मध्ये, हलके कपडे बाहेरच्या बाजूला. कमरेचा पट्टा कमरेच्या हाडावर बसला पाहिजे. तो पोटावर किंवा त्याहून खाली बांधला की सगळा भार खांद्यांवर येतो, आणि दुसऱ्या दिवशी मान आखडते ती त्यामुळेच. आत जाड प्लॅस्टिकची पिशवी घालून तिच्यात सगळं भरा. पाऊस नसला तरी दव असतंच. तंबूत झोपलात तर वरच्या खिडक्या उघड्या ठेवा, नाहीतर श्वासाची वाफ आतून थेंबथेंब गळते.

बूट नवे नकोत. किमान चाळीस-पन्नास किलोमीटर चाललेले असावेत. वाळलेल्या गवतातली कुसळं मोज्यांतून आत घुसून टोचत राहतात, त्यासाठी घोट्यावर गेटर किंवा जुन्या पँटचा कापलेला पाय चढवा.

तयारी म्हणून निघण्याआधी दीड महिना दर आठवड्याला भरलेली सॅक घेऊन चढ चढा. पुणेकरांनी दहा किलो घेऊन आतकरवाडीतून सिंहगड दीड तासात, न बसता चढून बघावा. जमत नसेल तर तारीख पुढे ढकलावी.

चूल आणि शिधा

रेल्वेतून गॅस, रॉकेल, पेट्रोल नेणं कायद्याने गुन्हा आहे. कसाऱ्यापर्यंत लोकलने जाणाऱ्यांनी एक तर गावांत जेवायचं ठरवावं, किंवा न शिजवता चालेल असा शिधा घ्यावा. स्वतःच्या गाडीने जाणाऱ्या चौघांना दोन वेळच्या खिचडीला आणि सकाळच्या चहाला गॅसची २३० ग्रॅमची दोन काडतुसं पुरतात. वाऱ्याला आडोसा केला नाही तर दुसरं काडतूस भलत्या वेळी संपतं. आडोसा स्टोव्हला पूर्ण वेढणारा नको, काडतूस तापून धोका होतो.

खिचडी माणशी १२० ग्रॅम: ८० तांदूळ, ४० मूगडाळ, आणि उघड्या भांड्यात चौपट पाणी. डाळ-तांदूळ घरीच भाजून, मीठ-हळद-मसाला मिसळून वेळेप्रमाणे वेगळ्या पिशव्या बांधा. पहिल्या दिवसाला दशम्या आणि चटणी, पुढच्या दिवसांना सातूचं पीठ, मेतकूट, शेंगदाणा-गुळाचे लाडू, खजूर. चालताना दर तासाला मूठभर खायचं. भूक लागेपर्यंत थांबलं की चढावर पाय गळतात.

पाणी दिवसाला माणशी चार लिटर. टाक्यांतलं पाणी आधी सुती कापडातून गाळा, मग क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबा. गढूळ पाण्यात गोळीचा जोर मातीतच खर्च होतो, म्हणून गाळणं आधी. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटरमध्येच घालायचं. ते कमी पाण्यात दाट केलं तर फायद्याऐवजी जुलाब वाढतात.

परवानगी आणि रान

यातला बहुतेक भाग कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. प्रवेशाच्या नाक्यावर शुल्क भरून पावती घ्या. तंबू, गुहेतला मुक्काम आणि रात्री गडावर थांबणं यांविषयीचे नियम बदलत असतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात वनविभागाकडे विचारून घ्या आणि मनाई असेल तर पायथ्याच्या गावात राहा. तशी आखणी याही वाटेवर करता येते. अभयारण्यात आग लावणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. शेकोटी नको म्हणजे नको, डिसेंबरातलं वाळलेलं गवत एका ठिणगीने डोंगर पेटवतं.

कड्यांच्या पोटात आग्या मोहोळं असतात. धूर, अत्तर, आरडाओरडा टाळा. माश्या उठल्याच तर हात न झटकता, तोंड-मान झाकून झाडीत शिरा. फुरसं हा विषारी साप दगडांखाली आणि पाचोळ्यात असतो, म्हणून अंधारात टॉर्चशिवाय एक पाऊल नको आणि बसायला दगड हाताने उचलायचा नाही. दंश झाला तर चिरा नाही, दोरी नाही. हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका, १०८ ला फोन करा आणि प्रतिविष असलेल्या रुग्णालयाकडे न्या.

फोनला जंगलात रेंज मिळेलच असं नाही. नकाशा आणि जीपीएक्स ट्रॅक (वाटेची नोंद असलेली फाइल) घरीच उतरवून घ्या, फोन विमान मोडवर ठेवा, दहा हजार एमएएचची एक पॉवर बँक दोघांत पुरते. घरच्या एका माणसाकडे रोजचा मुक्काम आणि वाटाड्याचा नंबर लिहून द्या. सोबत महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा चालू क्रमांकही असू द्या. चौथ्या दिवशी रात्री नऊपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं, हेही त्याच कागदावर.

जाणं-येणं

मुंबईहून कसारा, तिथून जीपने किंवा एसटीने घोटी, पुढे शेंडी आणि रतनवाडी. पुण्याहून संगमनेर, अकोले, राजूर, शेंडी. शेंडीहून रतनवाडीला गाड्या मोजक्याच, म्हणून जीप आदल्या दिवशी सांगून ठेवा. परतताना खिरेश्वरहून खुबी फाटा गाठा. तिथून कल्याणची एसटी मिळते, आणि पुण्याला जाणाऱ्यांनी आळेफाट्याला गाडी बदलावी. फाट्यावर चारच्या आत पोचा, त्यानंतरच्या गाड्या भरूनच येतात.