काऊलिंगचे पाव फेरीचे फास्टनर बसवताना या चुका टाळा

व्हॅन्सच्या आरव्ही-७ सारख्या घरी जोडायच्या विमानाच्या किटमध्ये काऊलिंग, म्हणजे इंजिनावरचे आवरण, मुळात पियानो बिजागरी आणि लांब पिनांनी जोडायचे असते. पण एक्झॉस्टजवळच्या बिजागरीचे डोळे कंपनाने तुटतात, आणि दर तपासणीला पिना काढणे-घालणे जिकिरीचे होते. म्हणून घरी विमान बांधणारे बरेच जण फायरवॉलच्या (इंजिन आणि कॉकपिटमधल्या भिंतीच्या) कडेने कॅमलॉक किंवा स्कायबोल्ट पद्धतीचे, पाव फेरी फिरवून बंद होणारे फास्टनर लावतात. त्यात काऊलिंगच्या भोकातल्या ग्रोमेटमधून (धातूच्या कड्यातून) जाणारा स्टड, म्हणजे आडवी पिन असलेला खिळा, मागच्या रिसेप्टॅकलमध्ये, म्हणजे त्याला पकडणाऱ्या खोबणीत, अडकतो. ते नीट लागले नाहीत की दोष फास्टनरवर जातो. बहुतेक वेळा चूक आधीच झालेली असते, कामाच्या क्रमात किंवा जाडीच्या मापात.

घाईने भोके पाडणे

इंजिन आणि स्पिनरची (प्रोपेलरच्या मध्यावरच्या टोपीची) मागची तबकडी जागेवर आल्याशिवाय काऊलिंगला ड्रिल लावू नका. इंजिनाच्या वजनाने माउंटची रबरे कालांतराने थोडी दबतात, म्हणून सुरुवातीला स्पिनर काऊलिंगपेक्षा १/१६ ते १/८ इंच वर ठेवतात. मागची कडा विमानाच्या पत्र्याला घट्ट भिडवू नका. तिथे १/३२ ते १/१६ इंच फट हवी, नाहीतर रंग दिल्यावर कडा घासून रंग सोलला जातो.

फ्लँजमध्ये, म्हणजे काऊलिंग जिच्यावर टेकते त्या फायरवॉलच्या कडेच्या पट्टीत, आधी ३/३२ इंचाची पायलट (छोटी, वाट दाखवणारी) भोके पाडा. फायबरग्लासवर प्रायमर नसेल तर आतून टॉर्च धरल्यावर ती बाहेरून प्रकाशाच्या ठिपक्यांसारखी दिसतात. वरच्या मध्यापासून सुरुवात करून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे सरका आणि प्रत्येक भोकात क्लेको (तात्पुरती पकड) लावत जा. एका टोकाकडून सुरुवात केली तर सगळा फुगवटा दुसऱ्या टोकाला साचतो. भोके मोठी करायला स्टेप ड्रिल वापरा आणि मागे लाकडाचा तुकडा धरा. साधे ड्रिल बाहेर पडताना फायबरचे थर उचकटते. भोक काऊलिंगच्या हनीकोंब (मधाच्या पोळ्यासारख्या) गाभ्यावर आले तर आजूबाजूचा गाभा कोरून काढा आणि तिथे इपॉक्सी-फ्लॉक्स (इपॉक्सीत कालवलेले बारीक तंतू) भरा, नाहीतर ग्रोमेटखाली तो भाग चेपतो.

दोन फास्टनरमध्ये जास्त अंतर

थंड करणारी हवा इंजिनाच्या वरून खाली जाते, त्यामुळे वरच्या काऊलिंगला आतून बाहेर ढकलणारा दाब सोसावा लागतो. समुद्रसपाटीवर ताशी २०० मैल वेगाला हवेचा गतिक दाब चौरस फुटाला सुमारे १०० पौंड असतो, आणि त्यातला बराचसा काऊलिंगच्या आत साठतो. म्हणून अंतर ३ ते साडेतीन इंच ठेवा. दोन-चार फास्टनर वाचवायला ते वाढवले तर उड्डाणात कडा मध्येच फुगते.

स्टडची लांबी अंदाजाने घेणे

सर्वाधिक त्रास इथेच होतो. कॅमलॉक स्टडच्या लागोपाठच्या दोन क्रमांकांत ०.०३० इंचाचा फरक असतो, आणि काऊलिंगची जाडी जागोजागी तेवढी सहज बदलते. सगळीकडे एकच क्रमांक मागवू नका. प्रत्येक भोकाशी काऊलिंग, ग्रोमेट आणि फ्लँज यांची एकत्र जाडी मोजा, आणि रंग बाकी असेल तर त्याचा थरही धरा.

स्टड आखूड असला तर आडवी पिन रिसेप्टॅकलमध्ये पोहोचत नाही. मग माणूस जोर लावतो, स्क्रूड्रायव्हर सटकतो आणि रंगावर ओरखडा उठतो. लांब असला तर तो सहज बंद होतो, आणि म्हणूनच फसवतो. काऊलिंग आत थरथरत राहते आणि भोक झिजते. बरोबर लांबीचा स्टड एका हाताने दाबून फिरवता येतो, आणि शेवटी टक् करून खाचेत बसल्याचे बोटांना कळते.

स्कायबोल्टचे एसके२८ सारखे कमी-जास्त करता येणारे रिसेप्टॅकल हे काम सोपे करतात. मात्र काऊलिंग आणि फ्लँजमधली फट त्यांनी ओढून मिटवू नका. लॅमिनेट (फायबरग्लासचे चिकटलेले थर) कायम वाकलेले राहते आणि ग्रोमेटभोवती तडकते. फट असेल तिथे फ्लँजला शिम (पातळ पट्टी) द्या किंवा काऊलिंगच्या आतून इपॉक्सी-फ्लॉक्सचा थर चढवा.

रिसेप्टॅकल वाटेल त्या दिशेने बसवणे

बंद स्थितीत स्टडची खाच कुठे वळेल हे रिसेप्टॅकलच्या दिशेवर ठरते. सगळे रिसेप्टॅकल एकाच दिशेने रिव्हेट करा. बंद झाल्यावर सगळ्या खाचा हवेच्या दिशेत आल्या तर उड्डाणापूर्वी उघडा राहिलेला फास्टनर लांबूनच दिसतो. ३/३२ इंचाच्या रिव्हेटचा मध्य कडेपासून किमान ३/१६ इंच आत हवा.

एकच फास्टनर लागत नसेल तर

कानस उचलू नका. सगळे सोडा, काऊलिंग पुन्हा बसवा आणि मधल्यापासून दोन्ही बाजूंना बंद करत या. तरीही अडला तर रिसेप्टॅकलमध्ये रंग किंवा धातूचा भुसा अडकला आहे का आणि त्याचा तरंगता भाग हलतो का, ते पाहा.

पहिल्या काही उड्डाणांनंतर काऊलिंग काढून प्रत्येक भोकाभोवती नजर टाका. फ्लँजवर काळी भुकटी किंवा काळी रेघ दिसली तर तिथले ॲल्युमिनियम घासते आहे. तिथे एक क्रमांक आखूड स्टड लावून बघा. तो लागतच नसेल, तर लांबी बरोबर आहे आणि रिसेप्टॅकलचे रिव्हेट ढिले झाले आहेत का ते तपासायला हवे.