कोजागरी आठ वाजताच करा

ज्येष्ठांच्या वसाहतीत कोजागरी ठेवताय? मग मध्यरात्रीची वाट बघू नका. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारासच उगवतो. आठपर्यंत तो चांगला वर आलेला असतो. जागा म्हणाल तर गच्चीपेक्षा खालचं फरशीचं अंगण बरं. हिरवळ दिसायला छान, पण काठी रुतते. खुर्च्या हातांच्याच मागवा, उठताना आधार लागतो.

दूध आटवताना साखर घालू नका, वेगळी ठेवा. नाहीतर मधुमेहवाले ‘एक दिवस चालतं हो’ म्हणत दोन पेले रिचवतात! बदाम-पिस्त्यांची बारीक पूडच करा, काप कवळीत अडकतात. भेंड्यांना माइक फिरता ठेवा. आणि निमंत्रण नुसतं व्हॉट्सॲपवर नको, लिफ्टपाशी फळ्यावर ठळक अक्षरांत लिहा.