बिबट्याच्या मागावर निघालात तर आधी नखं बघा

पहाटे धुळीच्या वाटेवर ताजे ठसे दिसले आणि माझा आतेभाऊ दबक्या आवाजात म्हणाला, "बिबट्या. आत्ताच गेलाय." वाटाड्या अजून यायचा होता. आम्ही चौघं एका रांगेत, पाय न वाजवता, जवळजवळ सव्वा किलोमीटर त्या ठशांमागे गेलो. वहिनींनी बांगड्यासुद्धा हाताने दाबून धरल्या होत्या. शेवटच्या वळणावर आमच्या मुक्कामाच्या जागेवरचा तांबडा कुत्रा बसला होता. आम्हाला पाहून त्याने शेपटी हलवली, उठला आणि परतीच्या वाटेला लागून आमच्या पुढे चालू लागला.

गेली अठरा वर्षं मी जंगलांत जाते आहे. माझ्या डोळ्यांदेखत झालेली प्रत्येक फजिती अशीच घडली. जे दिसावं असं मनात होतं तेच दिसलं असं वाटलं आणि खात्री करायची राहून गेली. म्हणून खात्री कशी करायची तेवढंच सांगते.

ठसा दिसला की आधी खाली बसा. उभ्याने पाहिलेल्या ठशावर विश्वास ठेवू नका. मांजर कुळातले प्राणी चालताना नखं आत ओढून घेतात, त्यामुळे बोटांपुढे नखांच्या खुणा नसतात. चित्ता तेवढा त्याला अपवाद. कुत्रा, कोल्हा, लांडगा, तरस यांची नखं मातीत उमटतात. पण चिखल निसरडा असेल तर बिबट्याही पकड घ्यायला नखं बाहेर काढतो, तेव्हा एका ठशावर न थांबता पुढचे चार-पाच बघा. मग तळव्याच्या गादीची मागची कड पाहा. मांजर कुळात तिथे तीन फुगवटे दिसतात. कुत्र्याचा ठसा रुंदीपेक्षा लांबीला जास्त असतो आणि बोटं व गादी यांच्यामधून काडीने सरळ फुली काढता येते. ठशावरून मुंग्यांची रांग गेली असेल किंवा वर दव पडलेलं असेल, तर प्राणी केव्हाच निघून गेलाय. हे सगळं सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हातच नीट दिसतं. दुपारी ऊन डोक्यावर आलं की ठशाची सावली जाते आणि ठसाही दिसेनासा होतो.

ठशांनी तज्ज्ञांनाही चकवलं आहे. भारतात १९७२ मध्ये देशभरातली पहिली व्याघ्रगणना झाली ती ठशांवरूनच, आणि पुढे कित्येक वर्षं तीच पद्धत चालली. राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पात कागदावर वाघ होते, पण २००५ मध्ये उघड झालं की जंगलात एकही उरलेला नाही. त्यानंतर देशभरच्या गणनेत कॅमेऱ्यात पट्टे टिपून मोजणी सुरू झाली, कारण दोन वाघांचे पट्टे कधीच सारखे नसतात. तेव्हा ठसा ओळखता आला म्हणून लगेच "हा कालचाच नर" असं सांगायला जाऊ नका.

आता कॉल. शिकारी प्राणी दिसला की हरणं, वानरं इशारा देतात, त्याला जंगलात सगळे कॉल म्हणतात. चितळ पटकन घाबरतं, त्यामुळे त्याच्या एखाद्या कॉलवर गाडी पळवण्यात अर्थ नाही. वानर झाडाच्या शेंड्यावर बसलेलं असतं, त्याला दूरचं दिसतं, त्याचा कॉल जास्त भरवशाचा. सांबर सहसा उगाच ओरडत नाही. त्याचा तो खणखणीत कॉल पुन्हा पुन्हा येऊ लागला की गाडीचं इंजिन बंद करा आणि थांबा. भेकर कुत्र्यासारखं भुंकतं, हे ठाऊक नसलं तर जवळपास वस्ती आहे असं समजून माणूस निघून जातो.

कॉल ऐकणं हे अर्धंच काम आहे. वानराचं तोंड कुठे आहे, हरणाचे कान कुठे वळलेत, ते पुढचा पाय कोणत्या दिशेला आपटतंय, हे बघा. कॉल एकाच जागेवरून येत राहिला तर प्राणी बहुधा बसलाय. जागा बदलत गेला तर तो चालतोय, आणि दोन जागा मनात जोडल्या की तो रस्ता कुठे ओलांडेल याचा अंदाज येतो.

आणि एका माणसाने मागे बघायचंच. एकदा नाल्याच्या काठी सात गाड्या उभ्या होत्या. सांबराचा कॉल चालू होता, सगळे श्वास रोखून समोरच्या बांबूकडे पाहत होते. माझी सहा वर्षांची भाची कंटाळून सीटवर उलटी बसली होती. ती म्हणाली, "आई, वाघ." आई म्हणाली, "हो गं, येईल, आता गप्प बस." भाची पुन्हा म्हणाली, "अगं, वाघ!" आईने तिच्या तोंडावर हात ठेवला. वाघ शेवटच्या गाडीमागून निवांत रस्ता ओलांडून गवतात शिरला. आम्हाला नंतर मिळाले ते फक्त धुळीतले ठसे, तेही नखांशिवायचे, अगदी नमुन्याला ठेवावेत असे. तेव्हापासून आमच्या गाडीत मागे बघायची जबाबदारी तिच्याकडे आहे आणि ती बोलली की सगळे वळतात.

आकारांनी होणारी फसगत सगळ्यात जास्त वेळ खाते. एका वारुळाकडे आम्ही पाऊण तास अस्वल म्हणून पाहत बसलो होतो. त्यावर उपाय असा: झाडांच्या रेषा बहुतेक उभ्या असतात, प्राण्याची पाठ आडवी असते. म्हणून आडवी रेषा शोधा, आणि ती सापडली की तिथे कान किंवा शेपूट हलायची वाट पाहा. पाच मिनिटं काहीच हललं नाही तर मान थोडी डावी-उजवीकडे करून पुन्हा बघा. दुर्बीण आठ बाय बेचाळीसची घ्या. आठ म्हणजे आठपट मोठं, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. पहाटेच्या कमी उजेडात जास्त पट दाखवणाऱ्या छोट्या दुर्बिणीपेक्षा हीच कामाला येते.

अस्वलाच्या बाबतीत एक गोष्ट अगदी उलटी आहे. त्याची नजर आणि कान बेताचे असतात, आणि अचानक समोर आलेल्या माणसावर ते धावून येतं. परवानगीच्या वाटेवर दाट झुडपांतून पायी जात असाल तर तिथे दबकत जाऊ नका. बोलत जा.

रात्री डोळे चमकतात ते डोळ्याच्या आतल्या पडद्यामागच्या परावर्तक थरामुळे. पण तसे डोळे नुसत्या वाघ-बिबट्यांचे नसतात. रस्त्याच्या मधोमध, जमिनीलगत दोन लालभडक डोळे दिसले म्हणून आमचा चालक दहा मिनिटं गाडी थांबवून बसला होता. शेवटी डोळे उडाले. तो रातवा पक्षी होता. गवतात असंख्य बारीक हिरवट ठिणग्या दिसल्या तर ते कोळी आहेत. म्हणून आधी डोळ्यांची जमिनीपासूनची उंची बघा, मग दोन डोळ्यांतलं अंतर, मग ते हलतात कसे. टॉर्च कपाळाशी धरा, नाहीतर चमक तुमच्या नजरेपर्यंत परत येतच नाही. ओळख पटली की उजेड लगेच बाजूला घ्या.

शेवटचं, कॅमेरा ट्रॅप, म्हणजे समोरून प्राणी गेला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा. जागेची परवानगी मिळाल्यावर आम्ही एक लावला आणि चार रात्रींनी कार्ड काढलं. २,३१६ फोटो! आतेभाऊ आनंदाने ओरडलाच. त्यातले २,२९० एकाच गवताच्या पात्याचे निघाले. हा कॅमेरा उष्णतेतला हलता फरक टिपतो, त्यामुळे उन्हात तापलेलं पातं वाऱ्याने डोललं तरी त्याला प्राणी वाटतो. समोरचं दीड-दोन मीटरचं गवत झोपवा, कॅमेऱ्याचं तोंड पूर्व-पश्चिमेला नको, उत्तरेला ठेवा, आणि तो गुडघ्याच्या उंचीवर बांधा. आम्ही हे सगळं दुसऱ्यांदा केलं. पुढच्या चार रात्रींत अकरा फोटो आले. दहा सायाळीचे, आणि एक तरसाच्या नाकाचा, इतक्या जवळून की भिंगावर वाफ धरली होती.